घराच्या कर्जात बँक नेमकी कुणाच्या बाजूने असते? वाचकांचे प्रश्न

या वेळी गृहकर्जावरचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, व्याजदर सगळ्यांना पाठ आहे, हप्ता पाठ आहे, पण पैसे देणारी बँक या व्यवहारात कोण आहे आणि तिला त्यातून काय हवंय हे फारसं कुणी सांगितलेलंच नाहीये. कुणी तिला घरचं माणूस समजतंय तर कुणी थेट सावकार. म्हणून प्रश्न निवडताना तेच डोळ्यासमोर ठेवलं. बँक म्हटलं की त्यात गृहकर्ज कंपन्या वगैरे सगळे धरा. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे जिथे एखादा ठराविक नियम आलाय तिथे देशाचं नाव दिलंय, बाकीचं कुठेही साधारण असंच चालतं.

प्रश्न : आम्ही एक जुना फ्लॅट बघितलाय. बँकेने व्हॅल्युएशन केलं, तिच्या वकिलाने कागद तपासले आणि लोन मंजूर झालं. मिस्टर म्हणतात एवढी मोठी बँक पैसे टाकतेय म्हणजे सगळं क्लिअर असणार, आपण वेगळा वकील आणि इंजिनिअर लावून खर्च कशाला करायचा. मला मात्र धाकधूक वाटतेय. कुणाचं बरोबर?

उत्तर : ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे, आणि मिस्टरांचंही अगदीच चुकलेलं नाही. बँक खरोखर तपासते. फक्त ती तिला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत असते. तिचा प्रश्न असा की उद्या या लोकांचे हप्ते थांबले आणि हे घर घाईघाईत विकावं लागलं तर माझं येणं वसूल होईल का. तुमचा प्रश्न वेगळाय, पुढची वीस वर्षं आम्ही इथे निर्धास्त राहू शकू का. दोन्ही प्रश्न बऱ्याच ठिकाणी जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच लोक अडकतात.

आकड्यात सांगतो. समजा घराची किंमत 100 धरली, बँकेने 75 दिले आणि 25 तुमचे गेले. उद्या कळलं की बीममध्ये दोष आहे आणि घर 80 च्या वर विकलं जात नाही. बँकेचे 75 निघाले, तिचं काहीच बिघडलं नाही (वरखर्च सोडा). तुमच्या 25 चे मात्र 5 राहिले. म्हणजे तोटा झाला की आधी तुमचा पैसा बुडतो, तो पूर्ण बुडाल्यावर बँकेच्या पैशाला पाणी लागतं. डाऊन पेमेंट मागण्यामागचं मुख्य कारण हेच आहे, आणि त्यामुळेच व्हॅल्युअरची दहा-पंधरा टक्क्यांची चूक बँकेला पचते, तुम्हाला पचत नाही.

शिवाय व्हॅल्युअर बघतो काय? एरिया, बांधकामाचं वय, वरवरची अवस्था आणि आजूबाजूला अलीकडे कितीला विक्री झाली ते. काही ठिकाणी तर माणूस घरात जातच नाही, विक्रीच्या आकड्यांवरून कॉम्प्युटरच किंमत काढतो. बाथरूमची गळती, जुनं वायरिंग, आतून गंजलेली सळई हे त्याचं कामच नाही. त्याची फी तुम्ही भरली असली तरी रिपोर्ट बँकेसाठी असतो, पण कॉपी जरूर मागा. अमेरिकेत 2014 पासून पहिल्या तारणाच्या घरकर्जात (म्हणजे घरावर पहिला हक्क ज्या कर्जाचा असतो त्यात) ती विनामूल्य द्यावीच लागते. बाकी ठिकाणी मागून बघायला काय जातं, बऱ्याचदा मिळते.

ब्रिटनमध्ये यावरून एक गाजलेली केस झाली होती. एका बाईंनी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या व्हॅल्युअरच्या रिपोर्टवर भरवसा ठेवून साधंसं घर घेतलं, वेगळी तपासणी केली नाही. आधीच्या कुणीतरी खालच्या मजल्यांवरचा चिमणीचा भाग काढून टाकला होता, वरच्या चिमणीला नीट आधारच उरला नव्हता आणि व्हॅल्युअरच्या ते लक्षात आलं नाही. पुढे ती चिमणी छत फोडून खाली आली. 1989 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच होतं) त्या बाईंच्या बाजूने निकाल दिला, म्हटलं की असं साधं घर घेणारा माणूस याच रिपोर्टवर विसंबतो हे व्हॅल्युअरला माहीत असतं, तेव्हा त्याची जबाबदारी आहे, 'आम्ही जबाबदार नाही' असं छापून सुटता येणार नाही. निकाल छानच आहे. पण त्यासाठी त्या बाईंना देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं, आणि आधी चिमणी पडावी लागली. इंजिनिअरची फी त्यापुढे किती स्वस्त बघा.

वकिलाचंही तसंच. बँकेचा वकील बघतो की विकणारा खरा मालक आहे का, आधीचा बोजा आहे का, आणि बँकेचं गहाण कायद्याने टिकेल का. गच्चीचा हक्क कुणाचा, पार्किंग कागदावर आहे की तोंडी, शेजाऱ्याशी वाद चालू आहे का, यात तो फारसा शिरत नाही. अमेरिकेत टायटल इन्शुरन्सच्या (मालकी हक्कात दोष निघाला तर भरपाई देणाऱ्या विम्याच्या) दोन वेगळ्या पॉलिसी असतात, एक कर्ज देणाऱ्यासाठी आणि एक मालकासाठी. पहिलीतून मिळणारं संरक्षण फक्त कर्जाच्या रकमेपुरतं असतं आणि कर्ज फिटत जाईल तसं कमी होतं. मालकाने दुसरी घेतली नसेल तर त्याच्या हातात काहीच नाही. एकाच घराचे दोन विमे विकले जातात यावरूनच कळतं की दोघांची जोखीम वेगळी आहे.

एक मात्र सांगतो, बँक नाही म्हणाली तर ते फार गंभीरपणे घ्या. तिचा होकार तुमच्यासाठी अपुरा असतो पण नकार बहुतेक वेळा कामाचा असतो. घरावरून नकार आला की कारण विचारा, शक्यतो लेखी घ्या, आणि "दुसरी बँक करून देईल" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

प्रश्न : लोन फिटेपर्यंत घर बँकेचंच असतं असं सासरे म्हणतात. पण खरेदीखत तर माझ्या नावावर आहे. मग मालक कोण?

उत्तर : मालक तुम्ही. तुम्ही सही करता त्यात मुळात दोन वेगळे करार असतात. एकात तुम्ही पैसे परत करायचं वचन देता आणि दुसऱ्यात म्हणता की वचन मोडलं तर या घरातून वसूल करा. दुसऱ्याला आपण गहाणखत म्हणतो. त्यातून बँकेला घरावर बोजा मिळतो, मालकी नाही. (काही ठिकाणी कागदावरची रचना वेगळी असते, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत टायटल नावापुरतं तिसऱ्या माणसाकडे ठेवतात, पण राहणारा आणि उपभोगणारा मालक तुम्हीच.)

सासरे म्हणतात ते एके काळी इंग्लंडमध्ये खरं होतं. जुन्या पद्धतीत कर्जदार जमीनच देणाऱ्याच्या नावावर करून द्यायचा, ठरल्या दिवशी पैसे दिले तर परत, नाहीतर गेली. एक दिवस उशीर झाला तरी गेली. हा अन्याय बघून तिथल्या चान्सरी कोर्टाने (कायद्याच्या अक्षरापेक्षा न्याय बघणाऱ्या कोर्टाने) सतराव्या शतकात भूमिका घेतली की हा सगळा व्यवहार मुळात तारणासाठी आहे, तेव्हा मुदत उलटली तरी पैसे भरून जमीन सोडवून घ्यायचा हक्क राहिलाच पाहिजे. हा सोडवणुकीचा हक्क आजच्या गहाणाच्या कायद्याचा कणा आहे, भारतातल्या कायद्यातही तो आलाय. पुढे 1925 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशी मालकी लिहून देऊन गहाण ठेवायची पद्धतच बंद झाली.

मालक असलात तरी काही ठिकाणी बँकेची परवानगी लागते, विकायचं असेल, दुसरं कर्ज काढायचं असेल, बऱ्याच करारांत भाड्याने द्यायचं असेल तरी. कारण यातल्या प्रत्येक गोष्टीने तिच्या वसुलीत आडकाठी येऊ शकते. आणि एक चांगली बाजू, घराची किंमत दुप्पट झाली तरी बँकेला तिच्या व्याजापलीकडे एक पैसा जास्त मिळत नाही, वाढलेली सगळी किंमत तुमची.

प्रश्न : पाच वर्षं न चुकता हप्ता भरतेय. परवा स्टेटमेंट काढलं तर मुद्दल जेमतेम कमी झालंय! बँक फसवतेय का?

उत्तर : फसवत नाहीये ताई, पण हे पहिल्याच दिवशी तुम्हाला कुणीतरी समोर बसवून दाखवायला हवं होतं. बँक दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, हप्त्यातून आधी ते व्याज वळतं करते आणि मग जे शिल्लक राहील ते मुद्दलात जातं. सुरुवातीला मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं, बस एवढंच.

50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 9 टक्के धरू. हप्ता साधारण 44,986. पहिल्या महिन्याचं व्याज 37,500, म्हणजे मुद्दलात गेले फक्त 7,486. पाच वर्षांत तुम्ही जवळजवळ 27 लाख भरता आणि मुद्दल कमी होतं साडेपाच लाखांच्या थोडं वर. निम्मं कर्ज फिटायला 14 वर्षं लागतात! शेवटपर्यंत भरलं तर एकूण जवळपास 1 कोटी 8 लाख जातात. हे आकडे बघून पोटात गोळा येतो, पण ते आधी बघितले तर निर्णय बदलतात.

आता यात तुमच्या हातात काय आहे ते बघा. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी 1 लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे साडेअकरा-बारा हप्ते गळून पडतात, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास. तोच 1 लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर गळतात साडेतीन. म्हणून जास्तीचे पैसे भरायचे असतील तर लवकर, आणि भरताना स्पष्ट सांगायचं की हप्ता कमी नकोय, मुदत कमी करा. त्याआधी करारात मुदतपूर्व भरण्यावर दंड आहे का ते बघा. फिक्स्ड दरात तो बऱ्याचदा असतो, कारण बँकेनेही तेवढ्या मुदतीसाठी पैसा कुठून तरी उचललेला असतो आणि तुम्ही आधी भरलं की तिचं गणित मोडतं.

फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा दर असेल तर आणखी एक. दर वाढला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात, तुम्हाला वाटतं काही बदललंच नाही. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर 11 टक्के झाला तर महिन्याचं व्याजच 45,833 होतं, हप्त्यापेक्षा जास्त. म्हणजे हप्ता नियमित भरूनही कर्ज वाढत जाणार. म्हणून दर बदलला की नवीन मुदत किती झाली हे बँकेला विचारायचंच, आणि झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्यायचा.

प्रश्न : पत्र आलंय की आमचं लोन दुसऱ्या कंपनीला ट्रान्सफर झालं, यापुढे हप्ते तिकडे भरा. आम्हाला न विचारता असं करता येतं?

उत्तर : बहुतेक वेळा येतं, करारात कुठेतरी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी जे कर्ज आहे ते बँकेसाठी विकता येणारी मालमत्ता आहे. पैसे देणारी बँक, त्यामागे खरा पैसा पुरवणारे गुंतवणूकदार आणि महिन्याचा हप्ता गोळा करणारी कंपनी ही तीन वेगळी माणसं असू शकतात, आपल्याला समोर एकच काउंटर दिसतो.

हे काही नवीन नाही. कोपनहेगनमध्ये 1795 साली मोठी आग लागली, शहराचा बराच भाग जळाला, घरं परत बांधायला पैसा हवा होता. त्यातून 1797 मध्ये तिथे पहिली कर्जसंस्था उभी राहिली, ती घरांच्या तारणावर रोखे (पैसे व्याजासकट परत द्यायच्या वचनाचे, विकता येणारे कागद) काढून लोकांकडून पैसा गोळा करायची आणि तो घरबांधणीला द्यायची. डेन्मार्कची घरकर्जं आजही मुख्यतः याच पद्धतीने चालतात. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, रोखे बाजारात विकले तरी कर्जदार बुडाला तर तोटा त्या संस्थेलाच सोसावा लागतो. त्यामुळे कर्ज देताना ती नीट बघते.

अमेरिकेत वेगळं झालं. तिथे बँकांकडची घरकर्जं विकत घ्यायला 1938 मध्ये फॅनी मे आणि 1970 मध्ये फ्रेडी मॅक अशा संस्था काढल्या, त्यामुळे बँकांना परत परत कर्ज द्यायला पैसा मिळत गेला आणि लाखो लोकांची घरं झाली हेही खरंच. पण 2000 नंतर खासगी कंपन्यांनी कर्जं गोळा करून त्यांचे रोखे विकायचा सपाटा लावला, आणि आज दिलेलं कर्ज काही आठवड्यांत दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतंय म्हटल्यावर कर्जदाराचं उत्पन्न तपासायची गरजच कुणाला वाटेना. पगाराचा पुरावा न मागता कर्जं दिली गेली. 2007-08 मध्ये ते सगळं कोसळलं आणि घरं गेली ती सामान्य लोकांची. त्यानंतर 2010 च्या कायद्याने कर्जदार फेडू शकेल का हे तपासणं तिथल्या बँकांना बंधनकारक केलं. जो पैसे देतो त्याला बुडण्याची भीती उरली नाही की तो तपासणं सोडतो, हे तेव्हा सगळ्या जगाने बघितलं.

तुमच्या पत्राचं काय करायचं ते आता. सगळ्यात आधी ते खरं आहे का ते बघा, कारण अशी खोटी पत्रं पाठवून हप्ते लुबाडणारेही असतात. पत्रातल्या नंबरवर फोन करू नका, जुन्या बँकेच्या तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करा. जुन्या बँकेकडून ट्रान्सफरच्या तारखेची बाकी लेखी घ्या, नव्या कंपनीचा आकडा त्याच्याशी जुळवा. दर, मुदत, अटी आहेत तशाच राहिल्या पाहिजेत, कर्ज विकलं म्हणून करार बदलत नाही. अमेरिकेत हप्ते गोळा करणारी कंपनी बदलली तर पुढचे 60 दिवस चुकून जुन्या कंपनीकडे वेळेत भरलेला हप्ता उशिरा धरता येत नाही. अशी सवलत तुमच्याकडे असेल असं गृहीत धरू नका, पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : आम्ही 50 लाख मागितले होते, बँक 70 द्यायला तयार आहे. मग थोडं मोठं घर घ्यावं का?

उत्तर : बँक 70 देतेय याचा अर्थ तुम्हाला 70 झेपतात असा होत नाही. ती हजारो लोकांना कर्ज देते, त्यातले काही बुडणार हे धरूनच तिने व्याजदर ठरवलेला असतो, शंभरातले दोघं अडकले तरी तिचं चालतं. तुमचं घर एकच आहे आणि ते अडकलं तर पूर्ण अडकतं. आणखी असं की बँकेला तुमचा पगार आणि चालू हप्ते दिसतात, पुढच्या वर्षी बाळ होणार आहे, आईच्या औषधांचा खर्च वाढतोय, तुम्हाला ही नोकरी सोडायची आहे, हे तिला दिसत नाही. ते गणित घरी बसून तुम्हीच करायचं. माझं स्पष्ट मत विचाराल तर दर दोन टक्के वाढला आणि दोघांपैकी एकाचाच पगार सहा महिने आला तरी जो हप्ता भरता येईल तेवढंच कर्ज घ्या.

प्रश्न : लोनबरोबर इन्शुरन्स घ्यावाच लागेल असं बँकवाले म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : कुठला इन्शुरन्स ते आधी विचारा. घराचा, म्हणजे आग, पूर, भूकंप वगैरेचा, तो मागणं रास्त आहे, तारण जळून गेलं तर दोघांचंही नुकसान. तुमच्या आयुष्याचा, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल, तो कुटुंबासाठी चांगलाच आहे, पण त्याच बँकेकडून तोच महागडा प्लॅन घ्यायचा की बाहेरून साधा टर्म प्लॅन (ठराविक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), हे बघून ठरवा. युरोपियन युनियनच्या 2014 च्या नियमांनुसार बँक विमा मागू शकते पण तेवढंच संरक्षण देणारी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी तिला स्वीकारावी लागते. आणि तिसरा प्रकार असतो तो फक्त बँकेच्या नुकसानाचा, डाऊन पेमेंट कमी असलं की घ्यायला लावतात, प्रीमियम भरायचा तुम्ही आणि भरपाई मिळणार बँकेला. अमेरिकेत 1998 च्या कायद्याप्रमाणे कर्ज घराच्या मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर आलं की तो बंद करायला सांगता येतो.

एकरकमी प्रीमियम कर्जातच मिसळून देतो म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, त्या प्रीमियमवरही वीस वर्षं व्याज जातं.

प्रश्न : शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात. त्यानंतर बोजा आपोआप निघतो ना?

उत्तर : कर्ज संपतं पण नोंद आपोआप निघेलच असं नाही. बँकेचे पैसे मिळाले की तिची घाई संपते, इथून पुढे घाई तुमची. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र घ्या, दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी जुळवून ते परत घ्या, आणि सरकारी नोंदीतून बोजा उतरला याचा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. जर्मनीत बँकेची संमती घेऊन आपण अर्ज केल्याशिवाय नोंद तशीच राहते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बोजाही काढावा लागतो, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर जुना बोजा निघाला तर गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून हे काम लगेच उरका.

प्रश्न : नोकरी गेली आहे. दोन हप्ते साठवलेल्या पैशातून भरले, तिसरा बहुतेक जमणार नाही. बँकेला सांगितलं तर घर जप्त करतील अशी भीती वाटते. घरी पण अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर : दादा, आधी घरी सांगा, आजच सांगा, आणि मग हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. तुमच्या भीतीचं कारण कळतंय पण बँकेच्या जागेवरून बघा म्हणजे ती थोडी कमी होईल. तिला तुमचं घर नकोच आहे, तिला हप्ते हवेत. घर ताब्यात घ्यायचं म्हणजे नोटिसा, वकील, कित्येक महिने किंवा वर्षं, तोवर रिकाम्या घराची देखभाल, आणि शेवटी लिलावात बाजारभावापेक्षा कमी किंमत. त्यापेक्षा सहा महिने थांबून तोच कर्जदार परत हप्ते भरू लागला तर तिचा फायदा जास्त. म्हणून हप्ता चुकायच्या आधी आलेल्या माणसाशी बोलायला बँकेकडे बरेच मार्ग असतात, तीन हप्ते चुकवून फोन न उचलणाऱ्यासाठी ते एकेक करून बंद होत जातात.

मागण्यासारखं काय असतं? काही महिने फक्त व्याज भरायचं, काही महिने हप्ता पूर्ण थांबवायचा, किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करायचा. यातलं काहीच फुकट नसतं, थांबलेल्या काळाचं व्याज मुद्दलात चढतं आणि तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर त्याची नोंदही होऊ शकते, तरी घर हातात राहतं. जाताना नोकरी गेल्याचा कागद, घरखर्चाचा खरा हिशेब आणि तुम्ही किती भरू शकता तो आकडा घेऊन जा. जे ठरेल ते लेखी घ्या. काउंटरवरच्या साहेबांनी "बघू, करू काहीतरी" म्हटलं त्याच्यावर थांबू नका. आणि कृपा करून हप्ता भरायला क्रेडिट कार्डावरून किंवा ॲपवरून कर्ज उचलू नका, घरकर्जाचं व्याज बहुतेक वेळा सगळ्यात कमी असतं, ते फेडायला कितीतरी महाग पैसा आणला की सहा महिन्यांत दोन्हीकडून अडकाल.

नोकरी मिळायला वर्ष लागेल असं वाटत असेल तर घर स्वतः विकायचा विचारही करा, कितीही जड गेलं तरी. तुम्ही विकलं तर बाजारभाव मिळतो, बँकेने लिलावात काढलं तर भाव पडतो आणि खर्चही तुमच्याच खात्यावर चढतो. बँकेला आधी सांगून विकता येतं, घेणाऱ्याच्या पैशातून तिचं येणं जातं, उरलेलं तुम्हाला.

आणि घर लिलावात गेलं तरी येणं पूर्ण फिटलं नाही तर काय, हे आत्ताच करारात वाचून ठेवा. बऱ्याच देशांत उरलेली रक्कम बँक तुमच्या पगारातून, इतर मालमत्तेतून मागू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत स्वतः राहायला घेतलेल्या घराच्या मूळ कर्जात असं मागता येत नाही, घर गेलं की प्रकरण संपलं. स्पेनमध्ये मात्र 2008 नंतर असंख्य कुटुंबांची घरंही गेली आणि कर्जही डोक्यावर राहिलं, करारातल्या अन्यायी अटींवर कोर्टात दाद मागेपर्यंत घर रिकामं करायची कारवाई थांबवायची सोयच तिथल्या कायद्यात नव्हती. 2013 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ते ग्राहक संरक्षणाच्या नियमांविरुद्ध ठरवलं आणि स्पेनला कायदा बदलावा लागला. म्हणजे बँकेची प्रत्येक अट दगडावरची रेघ नसते. नोटीस आलीच तर ती फाडून टाकू नका, त्यातली मुदत बघा, हरकत घ्यायला किती दिवस आहेत ते बघा आणि तेवढ्या दिवसांत वकिलाकडे जा, परवडत नसेल तर सरकारी मोफत कायदा मदत केंद्रात जा.

उलटही होतं, लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त रक्कम मिळाली तर कर्ज, व्याज, खर्च आणि घरावरची इतर देणी वजा जाता उरलेला पैसा तुमचा असतो. तो कुणी घरी आणून देईल अशी वाट बघायची नाही, विक्रीचा पूर्ण हिशेब लेखी मागायचा आणि त्यात लावलेला एकेक खर्च कशाचा आहे ते विचारायचं.